बीडमध्ये सॅलॅमँडर का नाही?

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा शिकवताना उभयचर वर्गाची उदाहरणे आपण फळ्यावर लिहितो : बेडूक, भेक, सॅलॅमँडर, देवगांडूळ. पहिली दोन मुलांच्या रोजच्या ओळखीची. उरलेल्या दोन नावांपाशी आपण फारसे थांबत नाही. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका शाळेत आम्हाला मात्र थांबावे लागले. आम्ही दाखवलेल्या चित्राकडे बघून आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बेडूक आपल्याकडं आहे, मग त्याचा हा भाऊ आपल्याकडं का नाही?"

"त्याला थंड आणि ओलसर हवा लागते. इथे पाऊस कमी," आम्ही सांगितले.

"मग महाबळेश्वरला असतो का? तिथं तर लई पाऊस पडतो."

महाबळेश्वरला बीडच्या सात-आठ पट पाऊस पडतो. डोंगर आहेत, धुके आहे, बारमाही झरे आहेत. तरी तिथेही सॅलॅमँडर नाही. आंबोलीत नाही, कोयनेच्या खोऱ्यात नाही, थेट केरळपर्यंत सह्याद्रीत कुठेही नाही. आमचे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पावसाने अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर हवामानात नसून इतिहासात आहे. तो इतिहास कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि तो उलगडण्याची माणसाची खटपट पावणेदोनशे वर्षांची. या लेखात दोन्ही इतिहास एकत्र पाहू या.

पालीसारखा, पण पाल नव्हे

सॅलॅमँडर प्रथम पाहणारा त्याला पाल किंवा सरडाच म्हणेल. चार आखूड पाय, लांब शेपटी, सरपटती चाल. पण जवळून पाहिले की फरक कळतो. त्याच्या अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत. कातडी उघडी आणि ओलसर असते. बहुतेक जातींची अंडी कवचाशिवायची, पाण्यात किंवा ओलीत घातलेली असतात आणि त्यांतून कल्ले असलेली पिल्ले बाहेर पडतात. पालीच्या अंड्याला कवच असते, ते कोरड्या भिंतीच्या फटीतही उबते. म्हणजे पालीचे नाते साप आणि मगरीशी, तर सॅलॅमँडरचे बेडकाशी. दिसणे वेगळे आणि नाते वेगळे, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

या उघड्या कातडीचा एक परिणाम आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उभयचर कातडीतून पाणी घेतात आणि गमावतात. त्यामुळे कोरडे वाळवंट त्यांना जसे अडवते, तसेच समुद्राचे खारे पाणीही अडवते. पक्षी उडत जातो, नारळ वाहत जातो, सरडा ओंडक्यावर बसून एखाद्या बेटावर पोचू शकतो. बेडकाला हे क्वचितच जमते. महासागरातल्या दूरच्या बेटांवर बेडूक, भेक, सॅलॅमँडर मूळचे आढळत नाहीत, या गोष्टीकडे चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात मुद्दाम लक्ष वेधले होते. हवामान योग्य असूनही प्राणी तिथे नाही, कारण तिथवर पोचण्याची वाट त्याला नव्हती.

म्हणून उभयचर हे जमिनीच्या इतिहासाचे चांगले साक्षीदार ठरतात. एखाद्या प्रदेशात ते असतील तर तो प्रदेश कधी ना कधी त्यांच्या मूळ भूमीला जोडलेला होता, असा तर्क करता येतो. आणि नसतील, तर त्या नसण्यालाही बहुधा काही कारण असते.

भारतातला सॅलॅमँडर

भारतात सॅलॅमँडर अजिबात नाही असे नाही. जॉन अँडरसन या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये चीनच्या युनान प्रांताच्या पश्चिम भागातून टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या जातीचे वर्णन केले. पाठीवर दोन्ही बाजूंना गाठींची रांग असलेला हा तपकिरी प्राणी. दार्जिलिंगच्या डोंगरांत, पूर्व नेपाळात आणि ईशान्य भारतात सापडणारे सॅलॅमँडर दीर्घकाळ याच नावाने ओळखले गेले. बारकाईने तुलना केल्यावर २०१५ मध्ये नेपाळ-दार्जिलिंगकडच्या प्राण्याला टायलोटोट्रायटन हिमालयानस असे वेगळे नाव मिळाले. पावसाळ्यात तो डोंगरातल्या तळ्यांत येऊन अंडी घालतो आणि थंडीत दगडाखाली, पाचोळ्याखाली निपचित पडून राहतो. तळी बुजू लागली तसा तो दुर्मीळ झाला. त्याच्यासाठी दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे १९८५ मध्ये एक लहानसे अभयारण्यही झाले.

बेडूक, भेक आणि देवगांडुळे मिळून भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. त्यांत सॅलॅमँडर मोजून दोन-तीन, आणि तेही देशाच्या एकाच कोपऱ्यात. जगाचा नकाशा पाहिला तर हे कोडे अधिकच ठळक होते. सॅलॅमँडरच्या आठशेच्या आसपास जाती युरोप, उत्तर आशिया, चीन, जपान आणि अमेरिकेत आहेत. सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया येथे एकही नाही. दक्षिण अमेरिकेत आहेत ते उत्तर अमेरिकेतून मागाहून उतरलेले. देवगांडुळाचे नेमके उलट. गांडुळासारखा दिसणारा, पण जबडा, दात आणि पाठीचा कणा असलेला हा बिनपायाचा उभयचर दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सेशेल्स बेटे, भारत आणि आग्नेय आशियात आहे. युरोपात नाही आणि उत्तर आशियातही नाही. आपल्या सह्याद्रीत तो आहे. खंडाळ्याहून मिळालेल्या एका प्रजातीला एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये इंडोटिफ्लस हे नाव दिले, आणि आंबोलीच्या देवगांडुळाची नवी जात २००३ मध्ये नोंदली गेली.

थोडक्यात, एक भाऊ उत्तरेचा आणि दुसरा दक्षिणेचा. भारत देश आज आशियाला जोडलेला असूनही आपला सह्याद्री दक्षिणेच्या बाजूला का पडतो?

वरळीचा बेडूक

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा महाराष्ट्रातच सापडला, आणि ज्यांना सापडला त्यांना त्याचा अर्थ कळण्याची वेळ अजून यायची होती.

मुंबई बेटाच्या खडकांविषयी जी. टी. क्लार्क यांनी लिहिलेले टिपण १८४७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात आले. वरळीच्या टेकडीजवळ, काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते. ते तपासले रिचर्ड ओवेन यांनी. पाच वर्षांपूर्वीच 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे हेच ते ओवेन. बेडूक अगदी लहान, म्हणून त्यांनी नाव दिले 'राना पुसिला'. पुसिला म्हणजे चिमुकला. पुढे १८५२ मध्ये मुंबईतले डॉक्टर एच. जे. कार्टर यांनी त्याच प्रकारच्या थरांतल्या एका कासवाचे वर्णन केले.

हे कासव मोठे बोलके निघाले. आपल्या तळ्यांत, नद्यांत आढळणारी कासवे घाबरली की मान सरळ आत ओढून घेतात. मुंबईचे ते जुने कासव मान बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली दडवणाऱ्या गटातले होते. त्या गटातली कासवे आज आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत, भारतात नाहीत. बेडकाकडेही पुढे पुन्हा लक्ष गेले. अमेरिकेतील जी. के. नोबल यांनी १९३० मध्ये त्याची हाडे नव्याने तपासली. हा आपल्या नेहमीच्या बेडकांच्या 'राना' गटातला नाही, असे त्यांनी दाखवले, त्याला 'इंडोबॅट्रेकस' हे वेगळे नाव दिले आणि दक्षिणेकडच्या खंडांतल्या बेडकांशी त्याचे नाते जोडले.

एका लहानशा टेकडीतून दोन प्राणी मिळाले आणि दोघेही दक्षिणेकडे बोट दाखवत होते.

बुडालेला पूल की सरकलेली जमीन?

एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना भारत, मादागास्कर आणि आफ्रिका यांच्यातली अशी साम्ये ठाऊक होती. पण खंड जागचे हलत असतील ही कल्पनाच त्यांना नव्हती. मग साम्य कसे समजावून सांगायचे? फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये सुचवले की हिंदी महासागरात पूर्वी एक भूभाग असावा आणि तो पुढे बुडाला असावा. तिथल्या लेमूर प्राण्यांवरून त्यांनी त्याला 'लेमुरिया' म्हटले. एडवर्ड स्यूस यांनी १८८५ च्या सुमारास दक्षिणेच्या एका प्राचीन विशाल भूमीची कल्पना मांडली आणि तिला नाव दिले गोंडवनभूमी. हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आले. तिथल्या खडकांना भारतीय भूशास्त्रज्ञांच्या दफ्तरी आधीच 'गोंडवन' म्हटले जात होते. चंद्रपूर-वणीचा कोळसा याच खडकांतला. जगभरच्या पुस्तकांत रूढ झालेला हा शब्द आपल्या शेजारचा आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये एका व्याख्यानात आणि १९१५ मध्ये पुस्तकरूपाने वेगळेच म्हणणे मांडले. पूल बुडाले नाहीत, तर खंडच एकमेकांपासून दूर सरकले. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानले नाही, कारण खंड हलवणारे बळ कोणते, हे वेगेनर सांगू शकत नव्हते. ते १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. समुद्रतळाच्या पाहणीतून तो तळ रुंदावत असल्याचा पुरावा मिळाल्यावर, १९६० नंतर, त्यांची कल्पना सुधारलेल्या रूपात सर्वमान्य झाली.

आता ती कथा अशी सांगता येते. बेडकाचे सर्वांत जुने ज्ञात नातलग मादागास्करच्या सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळाले आहेत. त्या काळी सारी जमीन एकत्र होती. पुढे तिचे उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन मोठे भाग झाले. सॅलॅमँडरचे प्राचीन जीवाश्म किर्गिझस्तान, कझाकस्तान, चीन या भागांत सापडतात, म्हणजे त्यांचा वंश उत्तरेच्या भागात वाढला. देवगांडुळांची आजची पांगापांग दक्षिणेच्या भागाशी जुळते. भारत दक्षिणेच्या भागात होता. मादागास्करपासून तो सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे सरकू लागला. आशियाला येऊन भिडला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. मधला प्रवास एखाद्या प्रचंड बेटासारखा झाला. त्या बेटावर बेडूक होते, देवगांडुळे होती. सॅलॅमँडर नव्हते.

विहिरीच्या कडेला वाचता येणारा धडा

या प्रवासातच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या भागावर लाव्हाचे पूर आले. त्या लाव्हापासून झालेला काळा पाषाण आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि गोदाकाठचा गाळ सोडला तर जवळजवळ सारा बीड जिल्हा त्याच्यावर वसला आहे. हा पाषाण एका दमात आलेला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, त्यावर माती व्हायची, पाणी साचायचे, झाडे उगवायची. मग पुढचा थर. नवी विहीर खणली जात असेल तेव्हा मुलांना घेऊन काठावर सुरक्षित अंतरावर उभे राहा. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा विटेच्या रंगाचा लाल पट्टा दिसतो. तो दोन लाव्हांमधल्या विश्रांतीचा काळ. वरळीचे बेडूक अशाच एका विश्रांतीत, दलदलीत राहत होते.

इथे मुलांना एक शंका येते आणि ती रास्त आहे. एवढ्या आगीतून बेडूक वाचले कसे? लाव्हाने सारा भारत झाकला नव्हता. दक्षिणेकडचा मोठा भाग मोकळा राहिला आणि तिथे जुने वंश टिकले. याचा ठसठशीत पुरावा २००३ मध्ये पुढे आला. केरळातल्या इडुक्की भागातून एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी एका जांभळट, फुगीर, टोकदार नाकाच्या बेडकाचे वर्णन केले. नाव ठेवले नासिकाबॅट्रेकस सह्याद्रेन्सिस. हा बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहतो, वाळवी खातो आणि पावसाच्या तोंडावर थोडे दिवस विणीसाठी वर येतो. त्याचे सर्वांत जवळचे नातलग आहेत सेशेल्स बेटांवर, मध्ये अथांग समुद्र. खंडाळ्याच्या देवगांडुळाचे नातलगही तिथेच. समुद्र ओलांडून कोणी गेले-आले नाही. जमीनच फाटली आणि घराचे दोन भाग झाले.

त्याआधी, २००१ मध्ये, बोसुइट आणि मिशेल मिलिंकोविच यांनी बेडकांच्या डीएनएची तुलना करून आणखी एक गोष्ट मांडली होती. आशियात सर्वत्र दिसणाऱ्या बेडकांच्या काही घराण्यांचे पूर्वज भारताच्या या तराफ्यावरून आले आणि टक्कर झाल्यावर पुढे पसरले. कोणते घराणे कधी उतरले याच्या तपशिलावर मतभेद आहेत, पण भारत हा नुसता घेणारा नव्हता, देणाराही होता, हे आता मान्य झाले आहे.

दोन दारे

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. भारत आशियाला चिकटून ५ कोटी वर्षे झाली. एवढ्या काळात सॅलॅमँडर चालत चालत बीडला का आला नाही?

जमिनीने भारतात येण्याची मुख्य दारे दोन. एक ईशान्येचे, ओल्या डोंगरांमधून. दुसरे वायव्येचे, कोरड्या प्रदेशातून. सॅलॅमँडर ईशान्येच्या दाराने आला आणि उंबऱ्याशीच थबकला. पुढे गंगेचे सखल उष्ण मैदान आणि त्याच्याही पुढे मध्य भारताचा लांब कोरडा उन्हाळा. ओल्या कातडीच्या, थंडाव्याला सरावलेल्या प्राण्याला ही वाट बंद होती. सह्याद्रीतले ओले डोंगर त्याला मानवले असते, पण मधली वाट मानवणारी नव्हती. आमच्या पावसाच्या उत्तरात तथ्य होते ते एवढेच.

वायव्येचे दार मात्र खवलेवाल्यांना मोकळे होते. दख्खनच्या माळावर पापणी न मिटणारा, सडपातळ, वेगाने पळणारा एक छोटा सरपटणारा प्राणी दिसतो. शास्त्रीय नाव ऑफिसॉप्स. याचे नातलग पश्चिम आशिया आणि आफ्रिकेत आहेत. ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये या गटाचा वंशवृक्ष मांडून दाखवले की उघड्या गवताळ प्रदेशात राहणारे हे प्राणी भारतात फार जुन्या काळापासून आहेत, आणि म्हणून आपली माळरानेही फार जुनी आहेत. बालाघाटाच्या माथ्यावरचा माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली पडीक जमीन, असे आपण सहज म्हणतो. सरकारी कागदही पुष्कळदा तसेच म्हणतो. हा बोटभर प्राणी दुसरेच सांगतो.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रीय नाव दिले 'सरडा'. आपलाच मराठी शब्द. लॅटिन नावांना बिचकणाऱ्या मुलांना हे नाव पाठ करावे लागत नाही.

पंचवीस कोटी वर्षे आणि तीस वर्षे

इथवरचा इतिहास ऐकून वाटेल की लाव्हातून वाचलेल्या, उन्हाळे भूमिगत होऊन काढणाऱ्या प्राण्याची काळजी आपण कशाला करायची? बीडच्या बेडकांनी कोरडेपणाशी खरोखर उत्तम जुळवून घेतले आहे. काही जातींच्या मागच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने उकरत ते मागे मागे जात मातीत शिरतात आणि आठ-नऊ महिने तिथेच काढतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की एका रात्रीत वर. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, गालांजवळ निळे फुगे फुगवून ओरडतात आणि डबके आटण्यापूर्वी पिल्ले पायांवर उभी राहावीत म्हणून साऱ्या विणीची घाई चालते.

पण याच मोठ्या बेडकाचे, होप्लोबॅट्रेकस टायगरिनसचे काय झाले ते पाहा. गेल्या शतकाच्या मध्यानंतर भारतातून बेडकांचे पाय गोठवून अमेरिका आणि युरोपकडे पाठवले जाऊ लागले. १९८० च्या आसपास हा व्यापार वर्षाला ४,००० टनांच्या घरात गेला. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. ४,००० टन म्हणजे ४० लाख किलो. एका बेडकाच्या पायांची जोडी ५० ते ६० ग्रॅमची धरली तर वर्षाला सात-आठ कोटी बेडूक होतात. ते पकडले जात नेमके विणीच्या रात्री, कारण तेव्हाच ते एकत्र येतात आणि ओरडून आपला ठावठिकाणा सांगतात. म्हणजे बेडकांबरोबर त्यांची पुढची पिढीही गेली. मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलाली यांनी या व्यापाराविरुद्ध सातत्याने लिहिले. शेतातले किडे खाणारा प्राणी विकून त्या पैशात कीटकनाशके आणणे हा कोणता हिशेब, हा त्यांच्यासारख्यांचा सवाल होता. १९८५ मध्ये या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. मागणी मात्र संपली नाही, ती इंडोनेशियाकडे वळली.

या इतिहासात आम्हीही आहोत. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला बेडूक आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी कापला. बेडूक कुठून येतात, हे आम्ही कधी विचारले नाही. पोत्यातून येतात एवढेच ठाऊक होते. आम्हाला त्याच्या हृदयाचे कप्पे पाठ होते, पण त्याचा आवाज ओळखता येत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतली अशी विच्छेदने थांबवण्याचे ठरवले. ते योग्यच झाले. मात्र बेडूक कापणे थांबले म्हणून बेडूक पाहणे सुरू झाले असे नाही.

जगभरच्या उभयचरांची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. सॅलॅमँडरमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमधले बेडूक या यादीत नाहीत. ते 'सामान्य' समजले जातात. पण सामान्य असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे वरचे सात-आठ कोटींचे गणित सांगते.

आज इथे पोती घेऊन कोणी येत नाही. बदल मुकाट्याने होतात. १९७२ च्या दुष्काळी कामांवर जे पाझर तलाव बांधले गेले, त्यांचे काठ मातीचे आणि उतरते आहेत. बेडकाला तिथे उतरता येते, चढता येते, काठच्या चिखलात दडता येते. अलीकडची अस्तर लावलेली शेततळी वेगळी. पाणी टिकते, शेतकऱ्याची फळबाग जगते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गुळगुळीत प्लास्टिकच्या उभ्या उतारावरून आत पडलेल्या प्राण्याला वर येता येत नाही. शिवाय रस्त्याकडेची आणि बांधालगतची उथळ डबकी बुजतात. ज्या डबक्याला आपण घाण म्हणतो, तेच बेडकाचे बाळंतघर असते.

शाळेने काय करावे?

मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर गाव सोडतात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. बेडकांचा हंगाम मात्र जून ते सप्टेंबर, सगळी मुले गावात असतानाचा. म्हणून हा उपक्रम कोणाला वगळून होत नाही.

एक वही घ्या. शाळेच्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस नोंदा. नसेल तर सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरे. पहिल्या किती मिलिमीटर पावसानंतर बेडूक ओरडले, कोणत्या तारखेला, कोणत्या डबक्यात, हे लिहा. अंडी दिसल्याची तारीख, शेपटी गळालेले पहिले पिल्लू दिसल्याची तारीख, डबके आटल्याची तारीख लिहा. पाण्यावर उड्या मारत जाणारा, झाडावर किंवा न्हाणीघरात चिकटून बसणारा, खरखरीत पाठीचा भेक, मातीत शिरणारा आणि मोठा पिवळा, एवढे पाच प्रकार ओळखता आले तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले. बेडूक हाताळू नयेत, पाहावेत आणि ऐकावेत. रात्री पाण्याकाठी आणि गवतात मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये, कारण बेडकांमागे सापही येतात. ज्याच्या घरी शेततळे असेल त्याने वडिलांना विचारून त्यात काथ्याचा जाड दोर किंवा जुन्या पोत्यांची पट्टी काठापासून पाण्यापर्यंत बांधून सोडावी. पडलेला प्राणी तिला धरून वर येतो. तिची किंमत काहीच नाही.

अशी वही दहा वर्षे चालली तर ती त्या गावाच्या पावसाचा आणि पाण्याचा इतिहास होते. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ बेडकांकडे अभ्यासक धावतात, आम्हीही धावलो. मराठवाड्याच्या डबक्यांकडे मात्र कमीच जण वळले. तिथे राहणारा शिक्षक रोज त्या डबक्यावरूनच शाळेत जातो.

त्या मुलीला आम्ही पुढच्या खेपेला उत्तर दिले. नकाशा जमिनीवर पसरून भारताचा कागदी तुकडा मादागास्करपासून वर सरकवत नेला. तुकड्यावर बेडूक ठेवला, देवगांडूळ ठेवले, आणि सॅलॅमँडर उत्तरेत, चीनच्या बाजूला. तुकडा आशियाला टेकला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपला बेडूक तर इथं पहिल्यापासनंच होता." तिला दुरुस्त करण्याजोगे थोडेसेच होते. बेडकांच्या प्रत्येक जातीची वाट वेगळी, काही वंश जुने, काही मागाहून पसरलेले. तेवढे आम्ही सांगितले. मग वर्गाने आपली वही काढली आणि पहिल्या पानावर त्या वर्षीच्या मृगाच्या पावसाची तारीख लिहिली.